पाटी बाहेर होती

मॅडम : ...म्हणून म्हणते काका, तुम्ही घरी जा. चार वाजता टेलिफोनबाईंची मुलगी येणार आहे आणि त्या वेळी तुम्ही या ऑफिसात नकोत.

कंडक्टर : आता साडेतीन वाजलेत. बसतो थोडा. दोन जिने चढून आलोय, गुडघे बोलायला लागलेत.

मॅडम : बसा. पण ती यायच्या आत उठायचं.

कंडक्टर : सत्तावीस वर्षं बसमध्ये लोकांना सीटवरून उठवलं मी. मला कोणी उठवायची ही पहिलीच वेळ.

मॅडम : उठवत नाहीये मी तुम्हाला.

कंडक्टर : मग काय करताय? चार वर्षं मी त्या बाईंच्या दारात रोज गेलो. संस्थेनं सांगितलं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची रोज विचारपूस करायची, म्हणून गेलो, आणि पुढं सवय झाली म्हणून गेलो. आज सकाळी त्यांची पोरगी आईला स्मशानात पोचवून आली. आणि मी तिला तोंडसुद्धा दाखवायचं नाही?

मॅडम : चार वर्षं रोज गेलात. गेले आठ महिने फक्त मंगळवारी जात होतात.

कंडक्टर : तुम्ही मंगळवार दिलात म्हणून.

मॅडम : तो विषय आत्ता नको.

कंडक्टर : बरं. तिला काय सांगणार आहात, ते तरी कळू दे.

मॅडम : विश्वस्तांनी लिहून दिलंय. वाचते. ‘आमच्या स्वयंसेवकांनी ठरलेल्या नियमानुसार रोज भेट दिली. दारावरची पाटी बाहेर होती. घडल्या घटनेचं आम्हाला अतीव दुःख आहे.’ एवढंच.

कंडक्टर : भेट दिली? कोणी दिली?

मॅडम : काका...

कंडक्टर : नाही, सांगा ना. रविवारी ती बँकेतली बाई गेली. सोमवारी जिमवाला. मंगळवारी मी. बुधवारी तो चष्म्याच्या दुकानातला. चौघं गेलो, चौघांनी पाटी पाहिली, चौघांनी मोबाइलवर टिक केलं आणि पुढच्या दाराला गेलो. पाटीला भेट दिली असं लिहा. खोटं तरी होणार नाही.

मॅडम : पाटीची पद्धत वाईट नाहीये. पिवळी पाटी, त्यावर ‘मी बरी आहे’. सकाळी नऊच्या आत त्यांनी स्वतः बाहेर टांगायची आणि संध्याकाळी आत घ्यायची. सकाळी पाटी दिसली नाही की दार वाजवायचं, दार उघडलं नाही की मला फोन. यात चूक काय होती?

कंडक्टर : संध्याकाळी ती आत गेली की नाही, हे बघायला कोण जात होतं?

मॅडम : कोणी नाही.

कंडक्टर : मग. बाईंनी शनिवारी सकाळी पाटी टांगली. दुपारी स्वयंपाकघरात पडल्या. पाटी आत घेणार कोण? ती राहिली तिथंच, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. मी बरी आहे, मी बरी आहे. गुरुवारी दूधवाल्याला शंका आली. आपण एकशे दहा माणसं, आणि शंका आली ती दूधवाल्याला.

मॅडम : मला हे सगळं पाठ आहे. दोन दिवस झोपले नाहीये मी.

कंडक्टर : मी तरी कुठं झोपलोय.

मॅडम : पाणी घ्या.

कंडक्टर : नको.

मॅडम : काका, तुम्ही मला दोष द्यायला आला असाल तर द्या, पण एक ऐकून घ्या. दोन वर्षांपूर्वी आपण एकोणीस जण होतो. घरं किती होती? चाळीस. आणि यादीत साडेपाचशे म्हातारी माणसं नुसती नाव नोंदवून बसलेली. रोज फोन यायचे मला, आमच्या वडिलांकडे कधी येणार, आमच्या मावशीकडे कधी येणार. काय उत्तर देत होते मी? माणसं नाहीत. माणसं मिळत नव्हती, कारण तुमच्यासारखं रोज तीन तास कोण देणार? मग आपण गावभर बोर्ड लावले, ‘आठवड्यातला एकच तास द्या’. आणि आली माणसं. झुंबड उडाली. चाळीस घरांची सहाशे झाली.

कंडक्टर : आणि एका तासात चाळीस दारं.

मॅडम : हो. एका तासात चाळीस दारं चहा पीत नाही होत. म्हणून पाटी. गेल्या आठ महिन्यांत पाटी दिसली नाही म्हणून अकरा जण वेळेवर दवाखान्यात पोचले. अकरा. ते गॅरेजवाले आजोबा आज चालतायत. तुमच्या जुन्या पद्धतीत ते यादीतच राहिले असते.

कंडक्टर : ते खरंय. तेवढं खरंय.

मॅडम : आणि गुरुवारपासून ग्रुपमधून बावीस जण बाहेर पडलेत. बँकेतली बाई तर फोनच उचलत नाही. ही गोष्ट बाहेर गेली, मुलीनं तक्रार केली, कुठं छापून आलं, तर पुढच्या आठवड्यात दारावर जायला कोणी उरणार नाही. सहाशे पाट्या लटकतील आणि बघायला कुत्रं नसेल. म्हणून विश्वस्तांनी लिहून दिलेलं मी वाचणार आहे. मला आवडतं म्हणून नाही.

कंडक्टर : ती विचारेल ना पण. कधी गेली आई, कशी गेली.

मॅडम : ते मी गुरुवारीच फोनवर सांगितलंय. बुधवारी रात्री, झोपेत.

कंडक्टर : झोपेत?

मॅडम : हो.

कंडक्टर : स्वयंपाकघराच्या फरशीवर? ओट्याखाली?

मॅडम : स्वयंपाकघराचं बोलले नाही मी. तिचा आवाज इतका बारीक झाला होता फोनवर, तोंडातून निघून गेलं. झोपेत गेल्या, त्रास झाला नाही. मग परत कसं घेणार?

कंडक्टर : मृत्यूच्या कागदावर असेल की खरं.

मॅडम : कागदावर सापडल्याचा दिवस आहे, गुरुवार. बाकीचं डॉक्टरांनी मला तोंडी सांगितलं.

कंडक्टर : बाकीचं म्हणजे?

मॅडम : म्हणजे शनिवारी पडल्या ते. गोळ्यांचा डबा होता ना, वारांचे कप्पे असलेला, त्यात शनिवार सकाळचा कप्पा रिकामा आणि दुपारपासूनचे सगळे भरलेले.

कंडक्टर : तो डबा मीच आणून दिला होता. बाई म्हणाल्या होत्या, मी काय शाळेत जाते का डबा घेऊन.

मॅडम : बोलायच्या तशाच.

कंडक्टर : जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजात परगावचे ट्रंक कॉल जोडले ना, तीन-तीन मिनिटांचे. मी जरा लांबण लावली की घड्याळाकडे बघून म्हणायच्या, तीन मिनिटं झाली, वाढवू का? आणि वाढवायच्या. स्वतःच अर्धा तास वाढवायच्या. ...मॅडम, त्या लगेच गेल्या असतील ना? पडल्या, डोक्याला मार लागला आणि गेल्या. दोन रात्री मी हेच धरून बसलोय. मंगळवारी मी दारात उभा होतो तेव्हा आत कोणी नव्हतंच. नुसती पाटी होती.

मॅडम : हो.

कंडक्टर : शनिवारीच गेल्या ना?

मॅडम : हो म्हटलं ना काका.

कंडक्टर : तुम्ही हो म्हणताना खिडकीकडे बघताय.

मॅडम : उगाच काहीतरी.

कंडक्टर : सत्तावीस वर्षं विनातिकीट माणसं धरली मी. सगळी खिडकीकडे बघतात.

मॅडम : घरी जा ना हो तुम्ही. मी हात जोडते. जा घरी.

कंडक्टर : कधी गेल्या?

मॅडम : नक्की असं डॉक्टरसुद्धा सांगू शकत नाहीत.

कंडक्टर : अंदाजे सांगा.

मॅडम : मांडीचं हाड मोडलं होतं. डोक्याला काही नव्हतं. पाणी मिळालं नाही, त्यानं गेल्या. मंगळवारी संध्याकाळी, असं म्हणाले ते. किंवा रात्री.

कंडक्टर : मंगळवारी.

मॅडम : म्हणून म्हणत होते, नका थांबू इथं.

कंडक्टर : मी साडेनऊला होतो. सकाळी साडेनऊला.

मॅडम : माहितीये मला. तुमची टिक आहे.

कंडक्टर : मग त्या होत्या.

मॅडम : काका, इकडे बघा. शुद्धीत असतील असं नाही. तीन दिवस पाण्यावाचून या वयाचं माणूस... तुम्ही हाक मारली असती तरी...

कंडक्टर : शुद्धीत होत्या.

मॅडम : तुम्हाला काय माहीत?

कंडक्टर : भांडं वाजलं.

मॅडम : काय?

कंडक्टर : आतून. एकदाच. टण्ण करून नाही, बारीक, ताटली कशाला तरी घासावी तसं. मी पाटी बघत होतो, मोबाइल हातात. आवाज आला आणि मी म्हटलं, चला, बाई भांडी आवरतायत. आणि टिक केलं.

मॅडम : हे तुम्ही कोणाला सांगितलं?

कंडक्टर : कोणाला नाही. गुरुवारी कळल्यावर मी स्वतःला समजावलं, शेजारच्या घरातलं असेल. दोन दिवस शेजारचं घर, शेजारचं घर करतोय. शेजारच्या घराला तर कुलूप असतं, मला काय माहीत नाही?

मॅडम : दूधवाला म्हणाला, त्यांच्या हातात पळी होती.

कंडक्टर : पळी.

मॅडम : ओट्याखालच्या कपाटाच्या दाराला पोचे पडलेत खाली. मला वाटलं जुने असतील. बघवलं नाही म्हणून मी परत आत गेले नाही.

कंडक्टर : पोचे नव्हते. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत तरी नव्हते. ते दार मीच बसवून दिलं होतं.

मॅडम : काका, पाणी घ्या. घ्या हो. थोडं तरी.

कंडक्टर : अजून एक सांगतो. आता निघालंच आहे तर सगळं निघू दे. दाराशी दुधाच्या दोन पिशव्या होत्या. त्यांचं दूध एकाआड एक दिवस. म्हणजे रविवारची पिशवी तशीच आणि मंगळवारची तिच्यावर. रविवारची फुगली होती. ऊन येत होतं दारात. मी काय केलं माहितीये? दोन्ही पिशव्या उचलल्या आणि दाराशेजारच्या स्टुलाखाली सावलीत ठेवल्या. खराब होऊ नयेत म्हणून.

मॅडम : फुगलेली पिशवी बघूनसुद्धा दार नाही वाजवलंत?

कंडक्टर : नाही.

मॅडम : का? तुम्ही? जिमवाल्याचं मी समजू शकते, त्याला त्या कोण, काय, काही ठाऊक नाही. तुम्ही चार वर्षं...

कंडक्टर : कारण तुम्ही सांगितलं होतं, दार वाजवायचं नाही.

मॅडम : मी असं...

कंडक्टर : ट्रेनिंगमध्ये. सगळ्यांसमोर. नवी साठ-सत्तर माणसं बसलेली. म्हणालात, काही जुन्या मंडळींना दारोदार चहा प्यायची सवय आहे, त्यांच्यामुळे रूट तीन-तीन तास चालतो, पाटी बाहेर असेल तर दार वाजवायचं नाही. लोक हसले. तो जिमवाला तर माझ्याकडे बघूनच हसला.

मॅडम : तुमचं नाव घेतलं नव्हतं मी.

कंडक्टर : घ्यायची गरज होती का? बरं, ते जाऊ दे. माझं ऐका. मला ते लागलं. घरी जाऊन जेवलो नाही त्या दिवशी. सोडूनच देणार होतो काम. मग म्हटलं, नाही, सोडायचं नाही. हिच्या नियमानं चालून दाखवायचं. अगदी काटेकोर. एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही. आठ महिने मी कुठल्याच दाराला हात लावला नाही, मॅडम. बाईंच्यासुद्धा नाही. मंगळवारी पाटी बघायची आणि चालू पडायचं. आत त्यांचा खोकला ऐकू यायचा, रेडिओ ऐकू यायचा. मी चप्पल न वाजवता परत फिरायचो.

मॅडम : माझ्यावर राग होता, तो...

कंडक्टर : रुसलो होतो. सहासष्टाव्या वर्षी रुसलो होतो. मनात म्हणायचो, कधीतरी काही होऊ दे, मग कळेल हिला. असं म्हणायचो मी. मंगळवारी पिशवी फुगलेली बघितली तेव्हासुद्धा मनात आलं होतं, वाजवावं का? आणि लगेच आलं, नाही, नियम नाही. मला का पडलीये. हे असं आलं मनात. भांडं वाजलं तेव्हा सुटल्यासारखं झालं मला. आता वाजवायला नको, असं.

मॅडम : हे मुलीला सांगणार आहात तुम्ही?

कंडक्टर : त्यासाठीच आलोय. पिशव्यांचं सांगायला आलो होतो. आता भांड्याचंही सांगेन.

मॅडम : तिचं काय होईल, याचा विचार केलात? तिला मी झोपेत गेल्या म्हणून सांगितलंय. ती तेवढ्यावर परत जाईल, रडेल, सावरेल. तुम्ही तिला काय देणार आहात? पळी? आई तीन दिवस कपाट बडवत होती, हे घेऊन ती कुठं जाईल? तुमचं मन हलकं होईल, तिचं काय?

कंडक्टर : माझं कशानं हलकं होतंय आता.

मॅडम : मग कशासाठी?

कंडक्टर : ती उद्या कोणाला तरी सांगेल, आमच्या आईला रोज बघायला माणसं येत होती हो. जन्मभर सांगेल. आणि आम्ही सांगू देणार? बाईंची मुलगी आहे ती. बाईंनी राँग नंबरसुद्धा लागू दिला नाही कोणाला कधी.

मॅडम : सहाशे घरांचं काय?

कंडक्टर : मला नाही माहीत. खरंच नाही माहीत. मी साधा माणूस आहे. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही सांगा.

मॅडम : मलाही नाही माहीत.

कंडक्टर : तुम्ही रडू नका.

मॅडम : नाही रडत. काका, दोन महिन्यांपूर्वी त्यांचा फोन आला होता.

कंडक्टर : कोणाचा?

मॅडम : टेलिफोनबाईंचा. इथं, ऑफिसात. म्हणाल्या, रोज नवं तोंड येतं दारात. तोंडसुद्धा नाही, नुसत्या चपला दिसतात फटीतून. येतात आणि जातात. मला ते माझे कंडक्टर परत द्या. दोन दिवस द्या आठवड्यातले, रोज नकोत. त्यांना सांगा, चहा देणार नाही, हवं तर.

कंडक्टर : माझं नाव घेऊन म्हणाल्या?

मॅडम : तुमचंच. मी म्हटलं, बघते. फोन ठेवला आणि विसरले. विसरले असंही नाही. वाटलं, एकीला दिलं की सहाशे जण मागतील.

कंडक्टर : मला सांगायचं होतंत.

मॅडम : हो.

कंडक्टर : एक शब्द सांगितला असतात तर मी पळत गेलो असतो. रुसवा-बिसवा सोडून पळत गेलो असतो हो.

मॅडम : हो काका. मला माहितीये.

(जिन्यावर पावलं वाजतात. अर्धवट लोटलेलं दार उघडतं.)

मुलगी : येऊ का? चारला पाच कमी आहेत, जरा लवकर आले.

मॅडम : या ना. या, बसा इथं. ही खुर्ची घ्या, ती डुगडुगते.

मुलगी : फोनवर तुम्हीच बोलला होतात ना माझ्याशी? आवाज ओळखला. आणि हे...

कंडक्टर : मी इथलाच. बसमध्ये कंडक्टर होतो.

मुलगी : तुम्ही कंडक्टरकाका? आई किती बोलायची तुमच्याबद्दल. मध्यंतरी म्हणाली, हल्ली फक्त मंगळवारी येतात, म्हातारे झाले असतील. तुम्ही सकाळी आला होतात का हो? मागे कोणीतरी उभं होतं कठड्यापाशी.

कंडक्टर : मीच होतो. पुढं यायचं धाडस झालं नाही.

मुलगी : यायचं होतं. तुम्ही तर घरच्यासारखे. मॅडम, मी फार वेळ घेत नाही तुमचा. संध्याकाळच्या गाडीनं निघायचंय. नुसतं भेटून आभार मानायचे होते.

मॅडम : आभार कसले...

मुलगी : नाही, मानू द्या. मी सहा तास लांब राहते. नोकरी अशी की रजा मागितली की साहेबाचं तोंड वाकडं. आईला तिकडे न्यायचं म्हटलं तर ती येईना. तुमची माणसं रोज जातात, एवढ्या एका गोष्टीवर मी दिवस काढले. तुमचा मेसेज यायचा ना रोज सकाळी, ‘आज भेट झाली, सर्व ठीक’, तो आला की माझा दिवस सुरू व्हायचा. खरं सांगते, त्यामुळे मी फोनही कमी केला. आधी रोज करायचे. मग दिवसाआड, मग रविवारीच. आई बोलली नाही काही, पण तिला कळलं असेल.

मॅडम : तो मेसेज... तो आपोआप जातो. दारावर टिक झाली की जातो.

मुलगी : म्हणजे?

मॅडम : म्हणजे आमचे विश्वस्त... आम्ही नियमानुसार रोज... थांबा. एक मिनिट द्या मला.

कंडक्टर : मॅडम, मी बोलू का?

मॅडम : नाही. आधी मी. ताई, मी तुम्हाला फोनवर खोटं सांगितलं. तुमची आई झोपेत गेली नाही. बुधवारीही गेली नाही. शनिवारी दुपारी त्या स्वयंपाकघरात पडल्या, पाय मोडला. आमची माणसं दार वाजवत नाहीत, पाटी बघतात. शनिवारची पाटी बाहेरच राहिली. चार दिवस आम्ही पाटी बघून तुम्हाला मेसेज पाठवला. मंगळवारी संध्याकाळी त्या गेल्या.

मुलगी : मंगळवारी.

मॅडम : हो. आणि दोन महिन्यांपूर्वी त्यांनी मला फोन करून काकांना परत पाठवा म्हणून सांगितलं होतं. मी नाही पाठवलं.

मुलगी : बुधवारीसुद्धा आला होता मेसेज. सर्व ठीक.

मॅडम : हो.

मुलगी : शनिवार दुपार ते मंगळवार संध्याकाळ. एकटी.

कंडक्टर : एकट्या नव्हत्या, ताई. मी होतो. मंगळवारी सकाळी दाराबाहेर मी होतो. आतून भांड्याचा आवाज आला. त्या हातातल्या पळीनं वाजवत होत्या. मला वाटलं, भांडी आवरतायत. दुधाची पिशवी फुगलेली दिसली, तरी मी दार वाजवलं नाही. वाजवावं असं मनात आलं होतं. मॅडमवर रागावलो होतो म्हणून नाही वाजवलं. हे मी कोणाच्या सांगण्यावरून बोलत नाहीये. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला. मारलंत तरी चालेल.

मॅडम : काका, बसा खाली.

कंडक्टर : उभाच बरा आहे मी.

मुलगी : आई आवाज ओळखायची माणसांचे. पावलांवरून ओळखायची, जिन्यात कोण आहे ते.

कंडक्टर : हो.

मुलगी : म्हणजे तिला कळलं असेल, तुम्ही आलात.

कंडक्टर : कळलं असेल, ताई.

मॅडम : तुम्हाला तक्रार करायची असेल तर मी स्वतः लिहून देते सगळं. तारीख, वेळ, नावं. माझ्या सहीनं देते.

मुलगी : किती वाजता आला होतात म्हणालात?

कंडक्टर : साडेनऊ. नऊ एकतीसला टिक केलं.

मुलगी : हा बघा मेसेज. नऊ बत्तीस.

मॅडम : ताई, थोडं पाणी...

मुलगी : रविवारी तिनं फोन उचलला नाही. मला वाटलं, लाइन बिघडली असेल, बिघडते अधूनमधून. सोमवारी तीनदा लावला. रात्री मी आमच्या साहेबांना कळवून टाकलं, उद्या येत नाही, आईकडे जातेय. मंगळवारी सकाळी बॅग भरली. दहाची गाडी होती, चारला इथं पोचते ती. दाराला कुलूप लावत होते.

कंडक्टर : मग?

मुलगी : मग तुमचा मेसेज आला. मी परत आत गेले आणि बॅग रिकामी केली.